पीसीबीच्या लॉटची तपासणी: चलनापासून स्टार्टरच्या पेटीपर्यंत

वाळूजच्या एमआयडीसीत टेम्पो शेडला लागतो तेव्हा एकाच चलनावर तीन जातींचे बोर्ड (पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग ज्यावर बसतात ते तांब्याच्या रेघांचे बोर्ड) असतात. पाण्याच्या मोटरीच्या ऑटो स्टार्टरसाठी एकेरी बोर्ड, त्याच स्टार्टरच्या मोबाइलवरून चालणाऱ्या भागासाठी दुहेरी किंवा चार थरांचा, आणि रस्त्यावरच्या एलईडी दिव्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा. तिन्हींच्या पाकिटांवर पुरवठादाराचा शिक्का एकच: ‘ई-टेस्ट ओके’, म्हणजे विजेची जोडणी तपासली. हा शिक्का बहुतेक वेळा खरा असतो. फक्त तो फार थोडं सांगतो, आणि जे सांगत नाही ते प्रत्येक जातीत वेगळं असतं. त्यामुळे तिन्ही बोर्डांना एकच चेकशीट लावली की रकाने भरतात, तपासणी होत नाही.

पाकीट फोडण्याआधीच बरंच कळतं. व्हॅक्यूम सुटला आहे का, आतल्या ओलावा-कार्डावरचे निळे ठिपके गुलाबी झालेत का, पाकिटात सिलिका जेलची पुडी आहे का, बोर्डांच्या मध्ये कागद घातलाय का की एकावर एक घासत आलेत. मग डेट कोड. चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. पण काही जण आठवडा आधी छापतात, काही वर्ष. ‘२४२५’ म्हणजे २०२५ चा २४ वा आठवडा की २०२४ चा २५ वा, हे पुरवठादाराकडून लेखी घेऊन ठेवायचं. ओएसपी फिनिशच्या (तांब्यावर पातळ सेंद्रिय लेप दिलेल्या) बोर्डाचं आयुष्य साधारण ६ महिन्यांचं, तिथे हा घोळ वर्षभराचा फरक पाडतो. कोडच्या शेजारी यूएल या सुरक्षा-प्रमाणन संस्थेची खूण आणि ९४व्ही-० हा ज्वलनरोधक दर्जा पाहायचा. स्टार्टरच्या पेटीत ठिणगी पडणारच असं धरून चालायचं असतं, म्हणून बोर्ड आपोआप विझणारा हवा.

नमुना किती घ्यायचा याला आयएस २५०० आहे, आयएसओ २८५९-१ चंच भारतीय रूप. लॉट ५०० चा असेल तर सर्वसाधारण स्तर २ नुसार ५० बोर्ड काढायचे, एक्यूएल (चालवून घेण्याजोग्या दोषांची पातळी) १.० धरला तर १ खराब निघाला तरी लॉट घेतो, २ निघाले की परत. सलग पाच लॉटमध्ये दोन परत गेले की तपासणी कडक करायची. हे कागदावर सगळ्यांना पाठ असतं. चूक होते ती ५० बोर्ड कुठून काढले इथे. वरची दोन-तीन पाकिटं फोडून पन्नास मोजले तर नमुना त्या दोन-तीन पाकिटांचा झाला, लॉटचा नाही. २५ पाकिटं असतील तर प्रत्येकातून दोन, तेही एक वरचा आणि एक मधला. पाकीट पुन्हा सील करायचा कंटाळा हेच वरची पाकिटं फोडण्याचं खरं कारण असतं, म्हणून सीलिंग मशीन तपासणीच्या टेबलालगतच ठेवावं.

दोष कशाला म्हणायचं ते आयपीसी-ए-६०० या पीसीबी उद्योगाच्या मानकातल्या चित्रांवरून ठरतं, आणि आकडे आयपीसी-६०१२ मधून. वर्ग तीन: १ म्हणजे खेळणी-बिळणी, २ म्हणजे रोज चालणारी यंत्रं, ३ म्हणजे जिथे बंद पडून चालणारच नाही. पंपाचा स्टार्टर आणि रस्त्यावरचा दिवा दुसऱ्या वर्गात बसतात. ऑर्डरवर वर्ग लिहिलेला नसेल तर परत पाठवताना भांडण ठरलेलं.

एकेरी बोर्डापासून सुरुवात करतो, कारण लोक त्यालाच सर्वांत कमी पाहतात. स्वस्त आहे, साधा आहे, एका बाजूला तांबं, त्यात काय बिघडणार! माल दोन प्रकारचा येतो. एफआर-१ म्हणजे कागद आणि फिनॉलिक राळ, रंग तपकिरी. सीईएम-१ म्हणजे आत कागद, बाहेरच्या दोन्ही अंगांना काचेचं कापड आणि एपॉक्सी, रंग पांढरट. ओल पकडण्यात एफआर-१ पुढे, म्हणून उघड्यावरच्या पेटीत तो नको. दोन्हींत भोकं सहसा ड्रिलने नाही, डायमध्ये पंच करून पाडतात. पंच तांब्याच्या बाजूने मारतात, म्हणजे पॅड उचलला जात नाही. डाय झिजली की भोकाभोवती पांढरट वलय दिसायला लागतं. ते वलय म्हणजे आतला माल फुटलेला. रिलेच्या दोन पायांच्या मधल्या जागेत दोन वलयं एकमेकांना भिडली असतील तर बोर्ड बाजूला. पुढे तिथूनच चीर जाते आणि ओल शिरते. पिन गेज दोन्ही बाजूंनी घालून पाहायचं, कारण झिजलेल्या डायचं भोक वर बरोबर आणि खाली पसरट असतं.

याच बोर्डात सर्वांत जास्त फसवणूक तांब्याच्या जाडीत होते. ३५ मायक्रॉन मागवायचे आणि १८ चा माल यायचा. मायक्रोमीटरने १.६ मिमीच्या बोर्डात हा फरक सापडत नाही, कारण बोर्डाच्या जाडीलाच १० टक्के सूट असते. पण चार वायरींचं मिलिओहम मीटर असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. ३५ मायक्रॉन तांब्याच्या चौरस तुकड्याचा रोध, चौरस कितीही मोठा असो, साधारण अर्धा मिलिओहम असतो. म्हणजे १ मिमी रुंद आणि १०० मिमी लांब ट्रॅक म्हणजे १०० चौरस, रोध जवळपास ५० मिलिओहम. मीटर १०० च्या आसपास दाखवत असेल तर तांबं निम्मं आहे. हे साध्या मल्टिमीटरवर जमत नाही, प्रोबच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. मोजायचा ट्रॅक हिरव्या मास्कखाली (सोल्डर लागू नये म्हणून दिलेल्या लेपाखाली) असलेला निवडायचा. वर सोल्डर चढलेल्या ट्रॅकवर आकडा फसवा येतो. हा फरक का महत्त्वाचा? ३५ मायक्रॉनचा १ मिमी ट्रॅक १० अंश तापमानवाढीत साधारण २.४ अँपिअर सोसतो. जाडी निम्मी झाली की तेवढ्याच करंटला ट्रॅक कितीतरी जास्त तापतो, आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलची लाईन बोर्डावरून जात असेल तर तो ट्रॅक आधी काळा पडतो, मग उचलतो.

एकेरी बोर्डात शेवटची नजर खाचांवर. तीन फेजच्या ४१५ व्होल्टच्या पॅडांमध्ये ड्रॉइंगमध्ये खाच दिलेली असते, पृष्ठभागावरून करंट सरकत जाऊ नये म्हणून. डाय दुरुस्त करताना ती खाच राहून गेली तर ई-टेस्टला काही कळत नाही; कोरड्या बोर्डावर कंटिन्युटीही बरोबर आणि इन्सुलेशनही बरोबर. ते बिंग फोडायला पावसाळाच यावा लागतो.

आता दुहेरी बोर्ड. इथे माल एफआर-४, काचेचं कापड आणि एपॉक्सी, आणि भोकाच्या आतल्या भिंतीवर तांबं चढवलेलं. वरची आणि खालची बाजू जोडते ती ही भिंत. दुसऱ्या वर्गाला तिची जाडी सरासरी २० मायक्रॉन आणि कुठेही १८ पेक्षा कमी नाही. तिसऱ्याला सरासरी २५, कमीत कमी २०. आणि नेमकी हीच गोष्ट ई-टेस्ट सांगू शकत नाही. हिशेब करून पाहा: ०.३ मिमीचा व्हाया (दोन बाजू जोडणारं असं भोक), बोर्ड १.६ मिमी, भिंत २० मायक्रॉनची असेल तर रोध साधारण दीड मिलिओहम. भिंत फक्त ५ मायक्रॉनची असेल तर सहा मिलिओहम. ई-टेस्ट करणारं फ्लाइंग प्रोब मशीन कंटिन्युटी ठरवतं ते ओहमांच्या पट्टीवर, त्याला दीड आणि सहा मिलिओहम दोन्ही सारखेच. दोन्ही बोर्डांवर ‘ओके’चा शिक्का पडतो, आणि मशीनच्या बाजूने तो बरोबरच असतो.

फरक कळतो सोल्डरिंगला. एफआर-४ जाडीच्या दिशेने फुगतो: टीजी (राळ मऊ पडायला लागते ते) तापमानाच्या खाली दर अंशाला दहा लाखांत ५० ते ७० भाग, टीजी ओलांडल्यावर २५० ते ३००. तांबं मात्र १७ च. साध्या एफआर-४ चा टीजी १३०-१४० अंश, आणि सोल्डर वितळवणाऱ्या रिफ्लो भट्टीत बोर्ड २४० च्या पुढे जातो. म्हणजे शंभरेक अंश बोर्ड तांब्याच्या नळीला दोन्ही टोकांनी ताणत राहतो. जाड भिंत ताण सोसते, पातळ भिंत मध्यावर गोल तडकते. थंड झाल्यावर तडा मिटतो, कंटिन्युटी परत येते, टेस्ट जिगवर बोर्ड पास होतो. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत तापला की बंद, रात्री गार झाला की चालू. असा बोर्ड दुरुस्तीवाल्याच्या हातात शंभर वेळा गेला तरी ‘फॉल्ट सापडला नाही’ असाच परत येतो.

म्हणून प्रत्येक लॉटमधून निदान एक कूपन (चाचणीसाठीचा तुकडा) कापायचं. कूपन आधी २८८ अंशांच्या वितळलेल्या सोल्डरवर १० सेकंद तरंगवायचं, मग कापायचं. नुसतं कापलं तर जाडी कळते, ताण सोसला की नाही ते कळत नाही. कापलेला तुकडा एपॉक्सी राळेत उभा बसवायचा आणि पाणी सोडत पॉलिश पेपरवर घासायचा: २४०, ४००, ६००, १२००. दर पेपर बदलताना तुकडा ९० अंशांत फिरवायचा आणि आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढचा पेपर घ्यायचा नाही. शेवटी अ‍ॅल्युमिनाच्या पावडरीवर पॉलिश, आणि अमोनिया-हायड्रोजन पेरॉक्साइडच्या ताज्या द्रावणाचा बोळा काही सेकंद. तो बोळा फिरवला नाही तर सगळं तांबं एकजीव दिसतं. फिरवल्यावर मूळ पत्रा आणि वर चढवलेलं तांबं यांच्यामधली रेघ उठून येते.

घासणं कुठे थांबवायचं, यात खरं कसब आहे. भोकाच्या बरोबर मध्यापर्यंत पोहोचायचं. मध्याआधी थांबलात तर भिंत तिरकी कापली जाते आणि जाड दिसते. समजा ड्रिल ०.४ मिमीचं आहे आणि सेक्शनमध्ये (घासून उघड्या केलेल्या छेदात) भोकाची रुंदी, तांब्याच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, ०.३ मिमीच भरते. तर खरी १५ मायक्रॉनची भिंत तिथे जवळपास २१ मायक्रॉन दिसेल, म्हणजे नापास माल पास. म्हणून रिपोर्टमध्ये भिंतीच्या जाडीबरोबर भोकाची मोजलेली रुंदी आणि ड्रिलचा आकार मागायचाच. पुरवठादाराच्या सेक्शन रिपोर्टवर फक्त ‘२२ मायक्रॉन, ओके’ एवढंच असेल तर आम्ही तो रिपोर्ट धरत नाही, स्वतः कापतो.

सूक्ष्मदर्शकात तीन ठिकाणी डोळा लावायचा. एक, भोकाचा कोपरा, जिथे भिंत वळून पॅडला मिळते. तडा बहुतेक तिथे किंवा भिंतीच्या मध्यावर. दोन, भिंतीतली पोकळी. ड्रिल बोथट असलं की काचेचे धागे उपटले जातात आणि तिथे तांबं नीट बसत नाही. तीन, चार थरांचा बोर्ड असेल तर आतल्या थराचं तांबं भिंतीला जिथे चिकटतं ती रेघ. ड्रिलच्या उष्णतेने वितळलेली राळ तिथे लिंपली जाते. ती रसायनाने नीट काढली नसेल तर तांबं आणि तांबं यांच्यामध्ये काळसर पातळ पट्टा राहतो. दिसायला केसाएवढा, पण तो जोड नाही, नुसता टेकवा आहे.

चार थरांच्या बोर्डात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आतले दोन थर दाबून चिकटवल्यावर ते पाहायची सोय संपली. त्यांची ऑप्टिकल तपासणी दाबण्याआधीच व्हायला हवी, आणि ती झाली होती की नाही हे आपल्याला फक्त कागदावरून कळतं. बोर्डावरून दोन खुणा मात्र मिळतात. कडेला थरांचे आकडे पायऱ्यांसारखे तांब्यात कोरलेले असतील तर उजेडाला धरून १-२-३-४ असा क्रम दिसतो. थर उलटा लागला असेल तर इथेच पकडला जातो. आणि पृष्ठभागावर विणीच्या चौकोनांत पांढरे ठिपके दिसत असतील तर राळ धाग्यांपासून सुटायला लागली आहे. ठिपके एकमेकांना जोडलेले नसतील तर बहुधा चालतात. फोड आलेला असेल तर वाद घालायचा नाही.

वाकलेपणा सगळ्याच बोर्डांना मोजायचा. सरफेस प्लेटवर बोर्ड ठेवून फीलर गेज सरकवायचं. एसएमडी (पृष्ठभागावरच बसणारे) भाग बसणार असतील तर मर्यादा लांबीच्या ०.७५ टक्के, म्हणजे २०० मिमीच्या बोर्डाला दीड मिमी, नाहीतर १.५ टक्के. फिनिशबद्दल फार लिहीत नाही: गरम कथलाचा एचएएसएल स्वस्त पण उंचसखल, ०.५ मिमी अंतराच्या आयसीला त्रासाचा. सोन्याच्या एनिगमध्ये निकेल ३ ते ६ मायक्रॉन आणि सोनं निदान ०.०५ मायक्रॉन, ओएसपीला उघडं बोट लागलं तरी ठसा उमटतो, हातमोजे सक्तीचे. मास्कला सेलोटेप दाबून चिकटवून झटक्यात ओढायची; टेपवर हिरवं आलं तर मास्क नीट भाजलेला नाही. वाकणारे पॉलिइमाइडचे फ्लेक्स बोर्ड आमच्याकडे क्वचित येतात. त्यांच्या आतल्या कोपऱ्यांना फाटण्याची सुरुवात आहे का ते भिंगाने पाहायचं, आणि ओल फार पितात म्हणून सोल्डरिंगआधी भाजून घ्यायचे.

अ‍ॅल्युमिनियमच्या बोर्डाची जात वेगळीच. खाली धातू, वर तांबं, आणि दोहोंमध्ये ७५ ते १५० मायक्रॉनचा इन्सुलेशनचा थर. एफआर-४ उष्णता वाहतो मीटर-केल्विनला साधारण ०.३ वॉट, हा थर १ ते ३. एलईडी थंड राहतो तो यामुळे, आणि सगळा धोकाही त्याच पातळ थरात. नुसतं मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) लावून भागत नाही. ड्रॉइंगवर दिलेल्या व्होल्टला हाय-पॉट टेस्ट (इन्सुलेशन जास्त व्होल्टला टिकतं का ते पाहणं) प्रत्येक बोर्डाची करावी लागते, नमुन्याची नाही. थर कुठे मार खातो ते पाहायचं असेल तर बोर्डाची कड नखाने चाचपा. व्ही-कटवर (बोर्ड सुटे करायच्या खाचेवर) किंवा पंचच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमचा बारीक कंगोरा उभा राहिलेला असतो, नखाला अडकतो. तो कंगोरा वर तांब्याकडे वळलेला असेल आणि तांबं कडेपासून पुरेसं आत नसेल तर मधलं अंतर नावापुरतंच उरतं. विजेचा एखादा जोरदार झटका आला की ठिणगी तिथूनच उडी मारते, आणि आख्ख्या रांगेतले दिवे जातात.

हवामानाचं प्रकरण इथे पुस्तकापेक्षा जरा कडक आहे. मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठताना चटका बसतो. असेंब्लीला ४० ते ६० टक्के आर्द्रता हवी. अंगावरची स्थिर वीज जमिनीत सोडणारा मनगटी पट्टा १ मेगाओहमच्या रेझिस्टरसह रोज सकाळी टेस्टरवर तपासतो, पण पट्टा ज्या अर्थिंगला जोडलाय तिची तपासणी वर्षात एकदाच, तीही पावसाळ्यात होते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली माती सळईपासून सुटते आणि रोध वाढत जातो. मार्च ते जून खड्ड्यात नियमित पाणी सोडायचं आणि महिन्यातून एकदा अर्थ टेस्टर लावायचा. याच दिवसांत सोल्डर पेस्टही छपाईच्या स्टेन्सिलवर लवकर सुकते. पेस्ट २ ते १० अंशांत ठेवतात. बाहेर काढल्यावर झाकण न उघडता चारेक तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर थंड डब्यात हवेतली ओल उतरते. पावसाळ्यात अडचण उलटी: उघडं राहिलेलं पाकीट ओल पितं आणि भट्टीत थर फुगून सुटतात. शंका आली की १२० अंशांना दोन ते चार तास भाजायचं. ओएसपीचे बोर्ड मात्र भाजायचे नाहीत. त्यांचा लेपच जातो.

पुढे भाग बसतात. पेस्टची छपाई तपासणारं एसपीआय मशीन असेल तर उत्तम, कारण एसएमडीतले बरेचसे दोष छपाईतच जन्मतात. नसेल तर दर तासाला एक बोर्ड भिंगाखाली. भट्टीनंतर एओआय, म्हणजे कॅमेऱ्याने जोड तपासणारं मशीन. टिन-सिल्व्हर-कॉपरचा एसएसी३०५ वितळतो २१७ ते २२० अंशांना, जुना कथील-शिशाचा ६३-३७ वितळतो १८३ ला. जोडाची चकाकी दोहोंची वेगळी. लेडेडच्या (शिशाच्या सोल्डरच्या) लायब्ररीवर, म्हणजे तुलनेसाठी साठवलेल्या चित्रांवर, लेड-फ्री बोर्ड चालवला की एओआय चांगल्या जोडांवरही ओरडतं. आणि एओआय फार ओरडायला लागलं की ऑपरेटरचं बोट ‘ओके’च्या बटणावर आपोआप पडतं. एका बोर्डावर वीस खोट्या हाका असतील तर एकविसावी खरी हाक हमखास सुटते. तिथे ऑपरेटरला बोलण्यात अर्थ नाही, लायब्ररी दुरुस्त करायला बसायचं. उंच कपॅसिटरच्या सावलीत लपलेला छोटा रेझिस्टर, क्यूएफएन आयसीच्या पोटाखालचा पॅड, बीजीए आयसीखालचे सोल्डरचे गोळे एओआयला दिसतच नाहीत. त्यासाठी एक्स-रे, गोळ्यात पोकळी प्रतिमेच्या ३० टक्क्यांपर्यंत चालते.

एकेरी बोर्ड वेव्ह सोल्डरवरून, म्हणजे वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून, जातो. भोकात तांबं नसल्याने रिलेचं सगळं वजन खालच्या एका कड्यावर. वाहतुकीच्या धक्क्यांनी पायाभोवती गोल तडा जातो, ज्याला दुकानदार ‘ड्राय सोल्डर’ म्हणून मोकळे होतात. खरं तर सोल्डर तिथे लागलेलं असतं, पुढे ताणाने तुटलेलं असतं. तपासताना बोर्ड तिरका धरून दिवा बाजूने टाकायचा. वरून टाकलेल्या उजेडात कड्याचा तडा दिसत नाही. रिले बोर्डाला टेकून बसला आहे का, तेही पाहायचं. अर्धा मिमी तरंगत असेल तर तडा जाणारच.

पॅनलमधून बोर्ड सुटे करताना जो दोष घुसतो तो मात्र कुठल्याच मशीनला लगेच दिसत नाही. घाई असली की कामगार व्ही-कटवर टेबलाची कड धरून बोर्ड मोडतात. कट्‌ असा आवाज येतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. कटाला समांतर नसलेला, कडेपासून दोन-तीन मिमीवरचा सिरॅमिक कपॅसिटर त्या वाकण्यात खालून पंचेचाळीस अंशांत तडकतो. तडा टोकाच्या धातूखाली असतो, वरून टोपी शाबूत. टेस्टला किंमत बरोबर येते. काही महिन्यांनी तड्यात ओल जाते, तो शॉर्ट होतो आणि सप्लायचा फ्यूज उडतो. गोल पात्याचं कटर काही हजारांत येतं. हातांनी मोडणं बंद करणं हाच इलाज.

शेवटची चाचणी चालत्या बोर्डाची. तीन फेजच्या व्हेरिअ‍ॅकवर व्होल्टेज ४१५ वरून हळूहळू ३०० पर्यंत उतरवायचं, कारण रब्बीत रात्रीची लाईट आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात. बोर्डाने कुठे ट्रिप केलं तो आकडा लिहायचा, नुसतं ‘ट्रिप झाला’ नाही. मग एकेक फेज काढून पाहायची: आर, वाय, बी तिन्ही. दोन फेज काढून पाहिल्या आणि तिसरी राहिली, ही आळसाची चूक नेहमीची.

कोटिंगच्या आधी धुणं. बोअरच्या पाण्याने बोर्ड धुऊ नका. ते सुकल्यावर पांढरी पुटं सोडतं, आणि त्यातले क्षार ओलीत करंट वाहतात. न धुतलेला बोर्ड त्यापेक्षा परवडला. शुद्ध केलेलं डीआयनाइज्ड पाणी आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) वापरायचं. स्वच्छता मोजायची जुनी पट्टी दर चौरस सेंटिमीटरला १.५६ मायक्रोग्रॅम मीठ एवढ्याची. नंतर अ‍ॅक्रिलिकचं कोटिंग, सुकल्यावर २५ ते ७५ मायक्रॉन. त्यात चमकणारा रंग असतो. अंधारात काळ्या (अतिनील) दिव्याखाली बोर्ड निळसर उजळतो आणि जिथे लेप पोहोचला नाही तिथे काळी रेघ राहते. ही रेघ जवळजवळ नेहमी आयसीच्या पायांच्या धारेवर आणि सोल्डरच्या टोकांवर असते, कारण पातळ लेप टोकावरून ओघळतो. सील नसलेल्या रिलेला आधी टेप लावायची. कोटिंग कॉन्टॅक्टवर गेलं की रिले टिकटिक करतो पण करंट जात नाही.

तरीही काही बोर्ड परत येतात. पेटीत पाल शिरते, मुंग्या घर करतात, पालीची विष्ठा दोन फेजच्या मधोमध पडते आणि कोटिंग पातळ असेल तिथे झाडाच्या फांदीसारखी काळी रेघ उमटते. असा बोर्ड पुसायच्या आधी तसाच काळ्या दिव्याखाली धरायचा. रेघेच्या दोन्ही बाजूंना लेप चांगला असेल तर पेटीचं केबल ग्लँड (वायर आत शिरते तिथलं सील) आणि झाकणाचं रबर पाहायचं. व्हायाच तुटलेला निघाला तर कोपऱ्यातला डेट कोड वाचायचा, रजिस्टरात लॉट शोधायचा आणि त्या लॉटचा राळेत जपून ठेवलेला सेक्शन पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा. पहिल्यांदा भोकाची रुंदी मोजायची.